गुरुजींचा शिक्का

४ सप्टेंबर
आले एकदाची कुंभारांच्या गावी, इम्बेला! विटांची धुराडी, घराघरापुढे रचलेली पाइनची लाकडं. इथल्या भांड्यांना ना झिलई, ना रंग. दहा दिवसांची आग देईल ते घ्यायचं. बेचाळिसाव्या वर्षी मी उराबे गुरुजींची शिष्या! त्यांच्या पत्नी फुकुए-सान यांनी गरम रताळी दिली आणि म्हणाल्या, किती गं बारीक तू, भट्टीत पार मागपर्यंत शिरशील.

२६ सप्टेंबर
गुरुजींचे हात थरथरतात. चाकाला ते हातच लावत नाहीत. बरण्या मी घडवते, बुडाशी शिक्का त्यांचा. आधीची शिष्या सेत्सुको अशीच राबली म्हणे. ती कुठे गेली विचारलं, तर फुकुए-सान म्हणाल्या, कंटाळली, गेली.

९ ऑक्टोबर
प्रदर्शनासाठी साठ बरण्या झाल्या. धीर करून म्हटलं, निदान दहांवर तरी माझं नाव असू दे. नाहीतर खरं काय ते मी लोकांना सांगेन. गुरुजी चहा पीत राहिले. फुकुए-सान फटकन म्हणाल्या, कानाए, तुझ्या नावाला कुत्रं तरी विचारतं का? झोंबलं. खरंच होतं ते.

१५ ऑक्टोबर
भट्टी झाडली. बाजूच्या दारात मागच्या भाजणीला रचलेल्या विटांवर भाजून दगड झालेली माती. आतल्या अंगाला ओरखडे, चार-चार ओळींचे. माझी बोटं त्यांत नेमकी बसली. गवंड्याचे असतील, फुकुए-सान म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

१९ ऑक्टोबर
पुढचं तोंड कालच बांधलं, लाकूड जाईल एवढंच भोक ठेवून. मी आत शेवटची रांग लावतेय. कुठली बरणी कुठे, ते या वहीत टिपते.

बाजूच्या दारात विटा चढताहेत. वाटलं, चुकून— हाका मारल्या. गुरुजी बाहेरून म्हणाले, रांग सरळ येऊ दे.

लाथा मारल्या. बाहेरून टेकू लावलाय.

शेजारी जमलेत. भट्टी पेटवतानाच्या पूजेच्या टाळ्या. मी किंचाळले. कुणीतरी विचारलं, आत कोण आहे का. फुकुए-सान हसल्या— कच्ची भांडी तडकताना असंच ओरडतात म्हणे—

धूर. कंदील मिणमिणतोय. केसातल्या पिनेने बरण्यांवर नाव कोरतेय. पोटावर, ठसठशीत. एकदा भाजलं की पुसता येणार नाही. फोडाव्या लागतील त्यांना, साठच्या साठ—

एकतिसावी झाली. धग—

बत्तिसावी. काना