भाकरीला जागा

आई, माझी चूल काल बेळगावच्या प्रदर्शनात पेटली. माघ सरत आला तरी सकाळी कानाला फडकं लागतंच, पण कॅम्पातल्या मैदानावर ही झुंबड! एका मांडवात बाग, दुसऱ्यात घर. डब्यात वाढवलेल्या एका गुलाबाला सव्वीस फुलं, दोनदा मोजली. कोबीचा एक गड्डा तर घमेल्यात बसेना. घराच्या मांडवात शहापूरच्या मागावरची लुगडी, वेताच्या खुर्च्या, आणि कोपऱ्यात माझी बिनधुराची चूल. चूल सोडून मी पहिला तासभर कोबीच बघत हिंडलो, हे तुला म्हणून सांगतो.

या चुलीला सहा वर्षं गेली. गुंजीचं आपलं स्वयंपाकघर आठवून मी ती बांधली. पावसाळ्यात लाकूड ओलं, छपराखाली धूर कोंडलेला, आणि तू फुंकणी तोंडाला लावून डोळे पुसतेस. शेवटी शेवटी तू माणसं पावलांच्या आवाजावरून ओळखायचीस. पुढं मी खानापूरला कौलांच्या भट्टीवर लागलो, तिथं धूर नळातून वर कसा ओढला जातो ते बघून बघून शिकलो. चौथीनंतर शाळा नाही, कुणी मास्तर नाही. नळ सहा इंच रुंद, चुलीचं तोंड सहाच बोटं, कारण तोंड मोठं झालं की धूर पुढं येतो. कलेक्टरसाहेबांची मडम आली, वाकून बघितलं, हसली, पुढं गेली. माझी मान ताठ!

मग बोरगावच्या बाजूची एक म्हातारी आली. बरोबरच्या बायका तिला आक्का म्हणत होत्या. ती सरळ माझ्या चुलीपुढं मांडी घालून बसली. जाळात डोकावून बघितलं, नळाजवळ कान नेला.

"लई झाक हाय," ती म्हणाली. "पर बाबा, भाकरी कुठं उभी करायची?"

"तव्यावर होते की, आक्का."

"तव्यावर नुसती भाजती. फुगती कुठं? निखाऱ्याम्होरं उभी करायला जागा न्हाय ठेवलीस." मग मागं वळून बायकांना म्हणाली, "गड्यानं बांधलीया गं. जेवायला तेवढं म्हाईत!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला आधी राग आला. आणि त्याच क्षणी मी गुंजीत होतो, आई. मी सात-आठ वर्षांचा, थंडीचा चुलीच्या अगदी तोंडाशी चिकटून बसलेलो, आणि तू हातात नाचणीची भाकरी घेऊन ओरडतेस, "सर रं मागं! भाकरीला जागा दे!" मी हलत नाही. तू फुंकणी माझ्या गुडघ्यावर ठेवून देतेस. रोज. हजार वेळा ऐकलेलं. नळाचं माप मी सुतासुतानं घेतलं, आणि ही जागा तेवढी राहिली!

चूल निवू दिली आणि छिन्नी काढली. बायका म्हणाल्या, अगं बया, मोडतोय की! समोरच्या दोन विटा काढल्या, तोंड वीतभर रुंद केलं, पुढं निखारे ओढायला चार बोटं उताराचा ओटा दिला. पेटवली, आणि धूर भसकन माझ्याच तोंडावर. चुलीवरच्या पाटीवर माझं गाव वाचून कुणीतरी ओरडलं, "बिनधुराची म्हणं! आगगाडी सुटली गुंजीची!" सहा वर्षं मातीत जातात की काय, असं वाटलं. पण फुटला तर असावा म्हणून एक नळ जादा आणला होता. शिडी लावली आणि तो वर चढवला. हातभर उंची वाढली. धूर पुढं आला, घुटमळला, आणि माघारी फिरला! सगळा आत, सगळा वर!

म्हातारीनं शेजारच्या पापडवालीकडून जोंधळ्याचं पीठ आणवलं, थापलं, तव्यावर टाकलं, उलटलं, आणि निखाऱ्याला टेकवून भाकरी उभी केली. आधी कडेला एक फुगा, मग मध्ये, आणि मग सगळी भाकरी टम्म. तिनं ती माझ्या हातात दिली. डोळे कोरडे होते तिचे, आई. माझे नव्हते, आणि त्याला धूर कारण नव्हता.

सांजेला परीक्षक आले. त्यांनी चुलीच्या तोंडावर मोजपट्टी धरली. "एवढं रुंद का ठेवलंत?"

"भाकरीला जागा पाहिजे," मी म्हणालो. अगदी तुझ्यासारखं, दरडावून.

ते खूश झाले. "कुणाकडं शिकलात हे?"

म्हातारी अजून तिथंच होती, तुकडा चघळत माझ्याकडं बघत होती. तू फुंकणी घेऊन मागं उभी असल्यागत वाटलं. आणि मी काय म्हणालो?

"कुणाकडं नाही. माझं मीच."

सवयीनं जीभ गेली, असं इथं तुला लिहिणार होतो. पण परीक्षक माझं उत्तर त्यांच्या कागदावर उतरवेपर्यंत थांबले होते, आणि 'आईकडं' म्हणून मी शब्द फिरवला नाही.