ओढ्याअलीकडे थांबलेली गाडी

॥ श्री ॥
कोरेगाव, ता. २१ जुलै १९४६

चि. सौ. बनू हिला दादाचे पोटभर आशीर्वाद, दाजींना रामराम आणि धाकट्या पाहुण्याला मामाचा एक गालगुच्चा. इकडे सगळे खुशाल आहोत. वि. वि.

गाडी घेतली. पुण्याला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता, तिथून आणली. पुढे दोघांची बसायची जागा, मागे उघडा हौदा, पाऊण टनाचं ओझं सहज ओढते. इटलीत मी हिच्याच बहिणी चालवल्या, त्यामुळे बसल्याबरोबर ओळख पटली. रंग अजून लष्करीच आहे, म्हणून गल्लीतले लोक तिला केरबाची पलटण म्हणतात. आईने चाकांवर पाणी घातलं, गाडीला ओवाळलं आणि लगेच विचारलं, ही बनूकडे कधी जाणार.

अडलंय ते टायरवर. आहेत ते पार झिजलेत, एकाच्या तर आतल्या दोऱ्या दिसतात. लढाई संपली तरी टायर मिळणं मुश्कीलच आहे. साताऱ्याचा दुकानदार फार मिनतवारीने चार टायर द्यायला तयार झालाय. त्याच्याकडे दोन तऱ्हेचे आहेत. एक डांबरी रस्त्याचे, बारीक नक्षीचे. ते आवाज करत नाहीत आणि पेट्रोलही बेतानेच पितात. दुसरे लष्करी, बोटभर खोल खाचांचे. ते चिखलातून, दगडधोंड्यांतून कुठूनही वर चढतात, पण चांगल्या रस्त्यावर भुंग्यासारखे घोंघावतात आणि लवकर झिजतात. माझा धंदा कोरेगावचा गूळ सांगलीला पोचवायचा, म्हणजे चांगल्या रस्त्याचा. पण नवरात्रात बाळाचं उष्टावण आहे, पहिला घास मामाने भरवायचा, तेव्हा आईला घेऊन गाडी तुझ्या दारातच उभी करणार आहे. तिकडचा रस्ता कसा आहे ते दाजींना विचारून कळव.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा, केरबा


॥ श्री ॥
ओढ्याची वाडी, पो. आटपाडी, ता. ४ ऑगस्ट १९४६

ती. दादास बनूचा वाकून नमस्कार. आईच्या पायांवर डोकं ठेवते. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी चावडीपुढे मोठ्याने वाचलं, त्यामुळे तुझ्या पलटणीची कीर्ती वाडीत आधीच पोचली आहे. बाळ आता पालथं पडतं आणि परत उताणं व्हायला जमत नाही म्हणून रडतं. हट्ट मामाचाच आलाय.

आटपाडीपर्यंत तुझी गाडी डुलत येईल. पुढे आमच्या वाडीपर्यंत नुसती बैलगाडीची चाकोरी आहे. अर्धी दगडांची, अर्धी काळ्या रानातली आणि शेवटी ओढा. तू म्हणशील, तुमच्याकडे पाऊस असतोच कुठे. पण जो काय पडतो तो नवरात्राच्याच पुढेमागे पडतो आणि तेव्हा ही माती पायातली चप्पल काढून घेते. हे म्हणतात, खाचांचेच टायर घ्या. चारही नको असतील तर मागचे दोन तरी घ्या. तेही नको तर सरळ सर्व्हिस मोटारीने आटपाडीला उतरा, हे बैलगाडी घेऊन येतील.

दादा, थट्टा बाजूला. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि आई माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायलेली नाही. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं तोंडात घालायचं नाही हे सगळेच पाळतात, पण आईइतकं कडक कोणी पाळत नसेल. मामंजी वारले तेव्हा ती भर उन्हात आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बरोबर आणलेल्या तांब्यातलं पाणी प्यायली. तेव्हा बाया माझ्याकडे कशा बघत होत्या ते मी विसरलेले नाही. आता बाळ झालं. माझं बाळंतपण माहेरी तिनेच केलं, नातवाला न्हाऊमाखू तिनेच घातलं. पण माझ्या चुलीवरची भाकरी तिला वाढायची अजून राहिली आहे. ती माझ्या दारात येईल असे टायर घे, बाकी मला टायरमधलं काही कळत नाही.

माया आहे तशी राहू दे.
तुझी बनू


॥ श्री ॥
कोरेगाव, ता. ८ सप्टेंबर १९४६

चि. सौ. बनू हिला दादाचे आशीर्वाद. पत्र वाचून लगेच रागावू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.

टायर बसवले. डांबरी रस्त्याचे घेतले. सांगलीच्या एका अडत्याने या हंगामाचा सगळा गूळ माझ्याच गाडीने आणायचं कबूल केलंय. खाचांचे घेतले असते तर ते हंगाम संपायच्या आत टकले झाले असते. दाजींची मागच्या दोन टायरची युक्ती मी दुकानात बोलून दाखवली, तर तिथले ड्रायव्हर हसायला लागले. एका पायात बूट आणि एका पायात वहाण घालून मी सांगलीच्या पेठेत कसा जाणार?

चिखलाचं म्हणशील, तर पावसाळ्यात इटलीत ज्याने गाड्या हाकल्या त्याला तुझ्या ओढ्याची भीती घालू नकोस. तुमच्याकडे तर ढगसुद्धा वाट चुकून येतात. आणि घरची गाडी दारात असताना आईने सर्व्हिस मोटारीत कोंबड्यांच्या पाट्यांशेजारी बसायचं हे माझ्याच्याने बघवणार नाही. नऊ वर्षांनी लेकीकडे जेवायला निघालीय, थाटातच जाईल.

आई आधी म्हणत होती, बनू म्हणतीया तेच घे रं. मी म्हटलं, टायर हे बायकांच्या हिशेबातलं काम नाही. मग तिने लुगड्यांची पेटी उघडली. नवं लुगडं काढून ठेवलंय. शेजारच्या राहीबाईला सांगत होती की पोचल्याबरोबर आधी पाणी मागणार, मग बसणार. गुळाची ढेप, पाळणा आणि तांदळाचं पोतं असं बरंच काही हौद्यात घालून आणतो आहे.

भेटीत बाकीचं. आमच्यावरची माया वाढती ठेव.
तुझा दादा, केरबा


॥ श्री ॥
ओढ्याची वाडी, ता. १ ऑक्टोबर १९४६

ती. दादास बनूचा नमस्कार. आई आणि तू सुखरूप पोचला असाल असं समजते.

उष्टावणाच्या आदल्या दिवशी पाऊस झाला तो तुलाही माहीत आहे. सकाळी तो उघडला आणि ओढ्याचं पाणी उतरायला लागलं तेव्हा मी निर्धास्त झाले. पुरण वाटून ठेवलं. गाडीचा आवाज आला तशी बाळाला कडेवर घेऊन पळत ओढ्यावर गेले. बघते तर पलीकडच्या उतारावर तुझी चाकं जागच्या जागी फिरताहेत आणि चिखल आईच्या नव्या लुगड्यावर उडतोय. आमच्या शेजारच्या बिराप्पाने चाकाखाली दगड घातले, अंगावरचं घोंगडं घातलं. शेवटी ह्यांचे बैल लावून गाडी निघाली, पण निघाली ती मागे.

बिराप्पा म्हणाला, आवं पावनं, म्हातारीला म्या पाठीवर घिऊन जातो. पाणी त्याच्या मांडीइतकंच होतं. दरसाल तो अडलेल्या मेंढ्या अशाच उचलून पार करतो. आईने एक पाय खाली टाकला होता, तो मी बघितला. तू म्हणालास, माझी आई कुणाच्या पाठीवर बसून लेकीच्या दारात जायची न्हाई, गाडीतनंच जाईल. आणि हाताला धरून तिला परत वर बसवलंस. मी ह्या काठावरून बाळाला उंच धरलं. आईने हात हलवला, काहीतरी बोललीही, पण ओढ्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मग गाडी वळली.

मामाच्या नावाने घास सासूबाईंनी भरवला. पोळ्या वाडीत वाटल्या. मला एक घाससुद्धा गेला नाही.

दादा, माझा तुझ्यावर राग आहे. तो तुलाच सांगितल्याशिवाय जायचा नाही म्हणून लिहिलं. आईला सांभाळ.
तुझी बनू


॥ श्री ॥
कोरेगाव, ता. १२ ऑक्टोबर १९४६

चि. सौ. बनू हिला आशीर्वाद.

तुझा राग मला पावला आणि तो खरा आहे. इटलीत मी जखमी गडी पाठीवर वाहिले, मलाही एकाने वाहून आणलं, त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. मग ओढ्यावर का वाटला? सगळी वाडी काठावर उभी होती. गाडी फसलेली सगळ्यांनी पाहिली, त्यात आणि आईला बिराप्पाच्या पाठीवर दिलं तर माझं काही राहणार नाही असं वाटलं. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून सापडत नाही.

घरी येईपर्यंत आई एकच वाक्य बोलली, त्यो बिराप्पा भला मानूस हाय. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. लुगडं तिने स्वतः धुतलं, पण काळ्या मातीचा डाग जात नाही.

साताऱ्याला सांगून चारी टायर खाचांचे मागवले आहेत. आई म्हणते मी उद्या सर्व्हिस मोटारीने एकटी जाते. मी म्हटलं थोडं थांब, आता ती गाडी दारापर्यंतच नेतो. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू होतात, सांगलीच्या अडत्याला शब्द दिलाय, तो मोडता येत नाही. संक्रांत झाली की आम्ही निघालोच म्हणून समज.

चुकलो आहे, तरी पाठ फिरवू नकोस.
तुझा दादा


ओढ्याची वाडी, ता. ९ जानेवारी १९४७

पाहुणे केरबाराव यांस जोतीरामचा रामराम.

हे पत्र सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरजवळ देत आहे. पत्र वाचल्यावर ठेवू नये.

बाळाला ताप आला होता. आटपाडीच्या डॉक्टरांना आणलं, औषध दिलं, उतार पडला असं वाटलं. काल पहाटे बाळ गेलं. बनू बोलत नाही. आईंना सावकाश सांगा, आणि त्यांना घेऊन या.

जोतीराम


ओढ्याची वाडी, ता. २४ जानेवारी १९४७

ती. दादास बनूचा नमस्कार. आईच्या पायांवर डोकं ठेवते.

तू आलास तेव्हा बाहेर पुरुषांत बसलास आणि बाहेरच्या बाहेर गेलास. माझ्यापुढे यायचा तुला धीर झाला नाही हे मला समजलं. आत काय झालं ते आई तुला सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

गाडी दारापर्यंत आली. टायर चांगले आहेत. पण पौषात आमचा ओढा कोरडा ठाक असतो, पहिल्या टायरवरसुद्धा ती आली असती. हे टोचायला लिहीत नाही. तुझ्याही मनात तेच आलं असेल, आणि तू एकट्याने ते मनात घेऊन फिरू नयेस एवढंच.

आई आत येऊन भिंतीला टेकली. मी पाणी आणलं नाही. मला भीती वाटत होती की ती बरोबरचा तांब्या काढेल. बाळ असताना ती पोचली नाही आणि आता ते नव्हतं, मग कोणत्या तोंडाने माझ्या घरचं पाणी तिच्यापुढे करू? सासूबाईंनाही तेच वाटलं असावं. त्या हळूच म्हणाल्या की विहीणबाई, तुमचा नेम आम्हाला माहीत आहे, आम्ही आग्रह करणार नाही. त्यावर आई म्हणाली, नातू गेला, पर मी आजी झालीया ती झालीया. बनू, पानी आन. मी आणलं. तिने सगळा तांब्या रिकामा केला, माझ्याकडे बघत. बाया रडायला लागल्या. आई रडली नाही.

मग म्हणाली, आता भाकरी वाढ. दादा, घरात चूल पेटलेली नव्हती. दुखवट्याची भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास बिराप्पाच्या घरून आलं होतं. तेच मी तिच्या ताटात वाढलं. तिने ते खाल्लं, मलाही दोन घास भरवले. लेकीच्या घरी जेवायचं म्हणून नऊ वर्षं थांबली, आणि तिच्या वाट्याला आला तो कडू घास, तोही दुसऱ्याच्या चुलीवरचा.

तुझ्यावर आता राग नाही. तू सारखा टायरचं मनाला लावून घेतोस असं आईने सांगितलं. बाळ टायरने गेलं नाही, तापाने गेलं. टायरने गेला तो नवरात्रातला एक दिवस. तो मला पाहिजे होता, आणि तो तू मला आता कुठूनही आणून देऊ शकत नाहीस. हे दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिलं.

चूल आम्ही पेटवली. पहिली भाकरी तव्यावर टाकली तेव्हा सवयीने आईची आठवण झाली, आणि भाकरी तशीच करपली.

तू ये. जेवल्याशिवाय जाऊ नकोस.
तुझी बनू