दहावा माणूस दारात उभा होता

मी, फ्रीडा नेथन लिपशुट्झ, वय एक्याऐंशी, धंदा पूर्वी बुटांचे दुकान, हल्ली काही नाही, राहणार टॅलो बेंड, मिसिसिपी, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कान अधू आहेत, पण ज्यांचे ऐकायचे त्यांचे ऐकू येते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझे वकील श्री. टिब्स यांचे म्हणणे आहे की मृत्युपत्रात फक्त मालमत्ता असावी. त्यांना मी सांगितले आहे की फी मी देते आहे.

कलम १. माझी मुलगी मिरियम हिला स्वयंपाकघरातील भांड्यांचे दोन्ही संच, चांदीच्या मेणबत्तीदाण्या आणि बँकेत असेल ती सर्व शिल्लक द्यावी. लाल मुठीची भांडी मांसाची, निळ्या मुठीची दुधाची; आमच्या धर्मात दोन्ही एकत्र चालत नाहीत. हे तिला मी चाळीस वर्षे सांगत आले. आता विचारायला मी नसेन, म्हणून लिहून दिले.

कलम २. दुकानातील पडद्यामागची खुर्ची आणि तो हिरवा पडदा, आमच्या सिनेगॉगचे, म्हणजे प्रार्थनामंदिराचे, अध्यक्ष मिल्टन ग्रुंडफेस्ट यांना. याचे कारण असे. ज्या काळात गावातील बाकीची दुकाने काळ्या गिऱ्हाइकाला बूट पायात घालून बघू देत नसत, पावलाची आकृती कागदावर काढून आणायला लावत, त्या काळात आमच्या दुकानात बूट घालून बघता येत असे. मिल्टन हे प्रत्येक समारंभात सांगतो. 'आम्ही ज्यू लोकांनी कधी भेदभाव केला नाही,' असे म्हणून छाती पुढे काढतो. पडद्याचे मात्र सांगत नाही. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या खुर्च्या खिडकीपाशी होत्या. ही एक मागे, पडद्याआड होती.

मी माझ्या नवऱ्याला, नेथनला, म्हणायचे, "अहो, काढा तो पडदा." तो म्हणायचा, "काढतो गं. उद्या काच फोडली की बसवायला तू येशील ना?" नेथन भित्रा नव्हता. आम्ही गावात मूठभर, आणि मूठभरांनी कसे राहावे ते त्याला त्याच्या बापाने शिकवले होते. तरी मला त्या पडद्याची चीड येत असे आणि अजून येते. मिल्टनने खुर्ची दिवाणखान्यात ठेवावी आणि पडदा तिच्यासमोर टांगावा. पाहुण्यांना दाखवताना दोन्ही दाखवावे.

कलम ३. नातू कॅलेब याला नेथनचे घड्याळ, पुस्तके आणि पाय मोजायची पितळी पट्टी. मिरियमने काळ्या माणसाशी लग्न केले. आमच्या राज्याचा कायदा तेव्हा त्याला आड येत होता, म्हणून शिकागोत केले. नेथन लग्नाला गेला नाही. पण कॅलेब चालायला लागला तेव्हापासून दर वसंतात, वल्हांडणाच्या सणाआधी, त्याला बूट पाठवत असे. माप मी फोनवर विचारायचे. नेथन शेजारी उभा राहून, आपल्याला काही पडलेली नाही असे दाखवत, अंगठ्यापाशी जागा किती ते विचारायला सांगायचा. या माणसाचे काय करावे ते मला शेवटपर्यंत कळले नाही.

कलम ४. हे घर. इथे सविस्तर लिहिणे भाग आहे.

नेथन गेला तेव्हा आमच्या रीतीचा सात दिवसांचा मातम याच घरात होता. कद्दिश, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, दहा पुरुष जमल्याशिवाय आमच्यात म्हणता येत नाही. बायकांना मोजत नाहीत. ते भांडण वेगळे आहे, ते मी मिरियमवर सोपवते. त्या संध्याकाळी नऊ जमले होते. मिल्टन सारखा फोनपाशी जाऊन शेजारच्या गावातून कोणी येते का ते बघत होता. मी आणि मिरियम आत मातमाच्या जेवणाची अंडी सोलत होतो. कॅलेब शिकागोहून बसने आला होता, आमच्या घरी पहिल्यांदाच. तो दारात उभा होता. डोक्यावर टोपी, पायात नेथनने पाठवलेले बूट. मिल्टन त्याला म्हणाला, "बाबा रे, ड्रायव्हर लोकांनी बाहेर थांबलं तरी चालेल. आत आधीच गर्दी आहे."

कॅलेब म्हणाला, "थांबतो काका. पण तुम्ही नऊच दिसताय."

"दहावा वाटेत आहे," मिल्टन म्हणाला.

मी हात पुसत बाहेर आले. "मिल्टन, हा मिरियमचा मुलगा. दहावा हाच."

मूल आईवरून ज्यू ठरते, हे आमच्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. मिल्टनलाही होते. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वहिनी, तसं कागदोपत्री काही आहे का?"

"तुझ्या आईचे कागद कोणी मागितले होते?"

"वहिनी, तसं नाही हो. नियम म्हणून विचारतोय."

त्या नियमावर इतकी चर्चा झाली की एकेक जण टोपी उचलून घरी गेला. माझ्या नवऱ्याच्या मातमाच्या पहिल्या संध्याकाळी कद्दिश झाली नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचा माणूस आला, दहा भरले आणि कॅलेबचा प्रश्न सोडवण्याची गरज कोणाला उरली नाही. कॅलेब सगळा आठवडा मागे भिंतीला टेकून उभा होता. प्रार्थनेत त्याचा आवाज मला आणि मिरियमला तेवढा ओळखू येत होता. तो राग मी बरोबर नेणार आहे, तो कोणाला देत नाही.

सबब, हे घर विकून येईल ती रक्कम सिनेगॉगच्या छपरासाठी द्यावी. ते छप्पर गळते, आणि मिल्टन दर आठवड्याला मला बादली दाखवतो. अट एकच. माझ्या मातमात कद्दिश कॅलेबने म्हणावी आणि त्याला दहांत धरावे. त्याला कोणी एक कागद जरी मागितला, तर सगळी रक्कम रस्त्यापलीकडच्या काळ्या लोकांच्या चर्चला जाईल. त्यांचे छप्पर ठणठणीत आहे. पण नेथन गेला तेव्हा तिथल्या बायका फळांची टोपली घेऊन आल्या आणि कोण कोण आहे हे न विचारता सगळ्यांना देऊन गेल्या.

कलम ५. नजर लागू नये म्हणून आमच्यात माणसे आकड्यांनी मोजत नाहीत. 'एक नाही, दोन नाही' असे म्हणत मोजतात. माझ्या घरी मोजणी मिल्टनने करावी. 'एक नाही' हे कॅलेबकडे बघून म्हणावे. बाकीच्यांनी त्याच्यामागून यावे.

मिल्टनला खुर्ची मिळत असल्यामुळे त्याला साक्षीदार होता येत नाही. तरी त्याला बोलावून हे सर्व त्याच्यासमोर वाचले आहे. त्याने कलम २ परत वाचायला लावले. मग म्हणाला, "वहिनी, पडदापण?"

"पडदापण."

"आणि समजा, कॅलेबला धरून नऊच भरले, तर?"

मी म्हटले, "तर थांबा. दहाव्याची वाट बघा. पण या वेळी कॅलेब आत बसून वाट बघेल."

हे शेवटचे वाक्य श्री. टिब्स गाळणार होते. ते ठेवायला लावून मी खाली सही केली आहे.

फ्रीडा नेथन लिपशुट्झ

आम्हा दोघांसमक्ष, वाचून आणि समजून, त्यांनी स्वतः सही केली:
१. वेंडेल ऑकरमन, औषधविक्रेते
२. लुएला स्टॅम्प्स, निवृत्त शिक्षिका

टॅलो बेंड, मिसिसिपी
९ मार्च १९८८