पाकिटाची आई

ता. ९ जानेवारी
चि. धाकटीस, अ. उ. आशीर्वाद.

आम्ही सारे खुशाल. तुझी ठकू चालायला लागली! परवा कपाट सोडून थेट टेबलापर्यंत आली आणि तिथे बदकन बसून स्वतःवरच खूश झाली. आता घरातलं एक भांडं जागेवर राहत नाही.

शिवाय ‘आई’ म्हणाली. पण हुरळून जाऊ नकोस, पाकिटाला म्हणाली. तुझं पत्र आलं की मी ‘आईचं आलं गं’ म्हणून तिला नाचवते ना, तर बाईसाहेबांनी पाकिटालाच आई ठरवून टाकलंय. काल विजेचं बिल आलं, तर तेही ‘आई’ म्हणून छातीशी धरलं. तुझे भावजी पोट धरून हसले.

तू पाठवलेला झगा बसला, गळा जरा तंग होतो. प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो वेगळा काय लिहायचा?

तुझी ताई

ता. २१ जानेवारी
ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र खोलीतल्या दोघींना वाचून दाखवलं, खूप हसलो. त्या कामावर गेल्यावर मात्र एकटीच रडत बसले.

सध्या कारखान्यात माझ्याकडे बाळांच्या कपड्यांना लेबलं शिवायचं काम आहे. ‘बारा महिने’, ‘अठरा महिने’. झगा हातात आला की पोटाशी धरून बघते, ठकू एवढी झाली असेल का. सुपरवायझर बाई ओरडतात, मापं कसली घेतेस म्हणून. गळा तंग म्हणालीस, म्हणजे माझ्या मनातल्यापेक्षा ती मोठी झाली.

मार्चमध्ये रजा मिळतेय. तोवर माझा फोटो तिला रोज दाखव. आई म्हणजे कागद नाही, माणूस आहे, एवढं तिला कळू दे. मी दारात उभी राहिले आणि तिने ओळखलंच नाही तर? या धास्तीने घास उतरत नाही. माझ्यावरचा लोभ थोडा कमी केलास तरी चालेल, तिला दे.

तुझी धाकटी

ता. १२ फेब्रुवारी
चि. धाकटीस, अ. उ. आशीर्वाद.

फोटो दाखवते. ठकू तो उलटा करून तिकीट शोधते. पुन्हा सुलटा धरला की ‘बाई’ म्हणते. लिहू की नको असं झालं होतं, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. तू ये तर खरी. मांडीवर घेतलंस की कळेल तिला. लोभ ठेव, रागावू नकोस.

तुझी ताई

ता. ३० मार्च
ती. ताईस, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीत बसताना बोलले नाही, ते आता लिहिते. मी आले तेव्हा तू आत भांडी घासत होतीस. ठकू तुरुतुरु दाराशी आली आणि थांबली. तिने माझं तोंड नाही बघितलं, हात बघितले. मग पिशवीत डोकावली आणि मलाच विचारलं, ‘आई?’ हात रिकामे होते गं. नाही आणलं, म्हणाले.

नंतर मांडीवर झोपली, बोट धरून घरभर फिरली, ‘बाई, बाई’ करत राहिली. तेवढ्यावर मी रजेचे दिवस काढले. निघताना ती रडली नाही, ते बरंच झालं.

तुझ्या लोभावरच तर माझं सगळं चाललंय, म्हणून एक मागते. खुळी म्हण हवं तर. हे वाचून झालं की पत्र परत पाकिटात घाल, डिंकाने नीट चिकटव आणि तिच्या हातात दे. चघळू दे, फाडू दे, काढून घेऊ नकोस. तिला म्हणावं, आई आली.

तुझी धाकटी