पुढच्या खोलीतली पाळण्याची कडी

गिरगाव,
ता. ९ ऑगस्ट १९५९

चि. नलूस दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

कोलंबीचं भुजणं पोहोचलं. डबा इतक्यात परत येणार नाही. रिकामा पाठवला तर तू बोलशील, आणि भरून पाठवायला शकूच्या हाताला तुझी चव नाही. हे वाक्य तिला दाखवू नकोस.

आता खरी बातमी. साठीला टेकलेला तुझा भाऊ राजकारणात पडला. नवीन पक्ष निघालाय, पेपरात वाचलं असशीलच. त्यांची सभा ऐकून आलो आणि वाटलं, माझ्याच मनातलं कोणीतरी मोठ्याने बोलतंय. सरकारने चोर धरावा, तंटा तोडावा, सरहद्द राखावी, रस्त्यावर दिवे लावावेत. माणसाने कुठला धंदा करावा, किती माल आणावा, औषधाला चमचाभर ब्रँडी घ्यावी की नाही, यात त्याने नाक खुपसू नये. माझ्या छापखान्यात कागद आणायचा तर परवाना, यंत्र आणायचं तर परवाना. परवाना देणारा माणूस वाईट नसतो गं, पण रोज चार माणसं हात जोडून समोर उभी राहिली की चांगलाही बिघडतो. म्हणून माणूस बदलून भागत नाही, त्याच्या हातातली सत्ताच कमी करायला हवी.

तुझ्याच घराचं घे. भाडेकरू डॉक्टर पुढच्या दोन खोल्या सोडून गेले, त्या तुझ्या शरदला लग्नानंतर द्यायच्या ठरल्या होत्या. जागा रिकामी झाली की सरकारला कळवायचं, असा कायदा. तुमच्या आळीत कोणी कळवत नसे. आमचे मेहुणे मनमोहनराव मात्र कोट चढवून स्वतः सांगून आले, आणि महिन्याभरात खोल्या सरकारने ताब्यात घेऊन कुणा साहेबाला दिल्या. गेले बिचारे, त्याच खोल्यांकडे बघत गेले. मी या वयात कशासाठी धावतोय, ते तुला यावरून कळेल.

प्रकृतीला जप आणि वेडा म्हणालीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
अच्युतदादा

दादर,
ता. १४ ऑगस्ट १९५९

ती. दादास नलूचा सा. न. वि. वि.

दादरहून गिरगावला पत्रं कसली लिहिता, असं शकूवहिनी विचारते म्हणे. तिला सांग, मधल्या दाराला फळ्या ठोकल्यात, पण भिंत पातळ आहे. मी बोललेलं साहेबांना ऐकू जातं आणि साहेब दाढी करताना बोललेलं मला. म्हणून आपलं घरचं कागदावर बरं.

तुझा पक्ष चांगला असेल रे, पण त्यात गिरणीमालक आणि संस्थानिकच जास्त दिसतात. तू त्यांच्यात सतरंज्या घालणार का? मला तुझं सगळं पटत नाही. मोर्चात काठी बसून माझं मनगट मोडलं, ते अजून पोळी लाटताना ठणकतं. ती काठी मुंबई आमची नाही म्हणणाऱ्यांची होती. संयुक्त महाराष्ट्र होऊ दे, आपल्या माणसांचं राज्य येऊ दे. मग मी खोल्यांसाठी मराठीत अर्ज करीन आणि वाचणारा मराठीत वाचेल. त्याला आई कळेल.

शरदचं पत्र आलंय. बडोद्याला तो आणि कमल दीड खोलीत राहतात. मुंबईची बदली मागितली तर मिळेल, पण आई, राहू कुठे, असं विचारतो. काय सांगू? मी स्वयंपाकघरात निजते, मागच्या खोलीत सामान आहे. पुढच्या खोलीच्या तुळईला शरदच्या पाळण्याची कडी अजून आहे. पाळणा माळ्यावर आहे, दर दिवाळीला उतरवून पुसते. मला एवढंच हवंय दादा, पोरगा घरी यावा.

राग मानू नकोस आणि माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
नलू

गिरगाव,
ता. ६ नोव्हेंबर १९५९

चि. नलूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

सतरंजी घातली हो तुझ्या भावाने, पण स्वतःच्या छापखान्यात. आमच्या विभागाची शाखा निघाली. यंत्रं एका बाजूला सारली, शकूने पोहे केले. माणसं थोडी आली, पण अध्यक्ष मात्र नशिबाने मिळाले. दिघे म्हणून मोठे सरकारी अधिकारी होते, नुकतेच निवृत्त झाले. सरकार आतून पाहिलेला माणूस. काय बोलले, नलू! म्हणाले की, सरकारने नागरिकाच्या उंबरठ्याबाहेर चपला काढून उभं राहावं आणि घरच्यांनी या म्हटलं तरच आत पाऊल टाकावं. शकूने पदराने डोळे टिपले. मी तुझा विचार करत होतो.

हा माणूस तुझ्या खोल्यांचा प्रश्न वरपर्यंत नेईल, अशी मला खात्री वाटते. तू मागचे सगळे कागद काढून ठेव.

सध्या एवढंच, आठवण ठेवतेस तशीच ठेव.

अच्युतदादा

दादर,
ता. ९ नोव्हेंबर १९५९

ती. दादास सा. न. वि. वि.

चपलांचं ते वाक्य मला पाठ आहे. दसऱ्यापासून रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकतेय. आधी ते पादत्राणे म्हणायचे, मग दोन दिवसांनी चपला केलं. बरं केलं, चपलाच चांगलं वाटतं.

दादा, तुझे दिघे म्हणजे माझे साहेब. दारावर त्यांनी नावाची पाटी कधी लावली नाही, आणि आम्ही नुसतं साहेब म्हणतो, म्हणून तुला कळलं नसेल. नोकरी संपली तरी जागेची मुदत वाढवून घेतलीय त्यांनी. वाचून मी आधी हसले, मग तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आता ऐक. कमलला दिवस गेलेत. वैशाखात बाळंत होईल. कंपनी शरदला बडोद्यात राहायला मोठी जागा देतेय, पण मग पाच वर्षं तिथून हलता येणार नाही. संक्रांतीपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. साहेबांनी जागा नको म्हणून लिहून दिलं, तर सरकार खोल्या सोडेल असं वकील म्हणाले. माझ्यासाठी तू कोणापुढे कधी शब्द टाकला नाहीस, मीही मागितलं नाही. आता टाक. ते तुझ्या पक्षाचे आहेत, तुझं ऐकतील.

तुझ्या आशेवर आहे. बहिणीला विसरू नकोस म्हणजे झालं.

नलू

गिरगाव,
ता. २० जानेवारी १९६०

चि. नलूस आशीर्वाद, वि. वि.

पत्राला उशीर केला, कारण लिहायला तोंड नव्हतं. दिघ्यांना तीनदा भेटलो. दोनदा त्यांनी गोड बोलून चहा पाजला. तिसऱ्यांदा मी शाखेच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं. त्यांचा आवाजसुद्धा चढला नाही. म्हणाले की, हुकूम सरकारचा आहे, त्यांचा नाही. ठरलेलं भाडं ते वेळेवर भरतात. खारला त्यांचा बंगला बांधायला घेतलाय, पण सिमेंटचा परवाना अडकलाय, म्हणजे तेही सरकारचे बळीच. आपला पक्ष सत्तेवर आला की हा कायदाच रद्द होईल आणि मग सगळ्यांच्याच खोल्या सुटतील. तोवर तत्त्वात कोणी घरचं भांडण आणू नये.

मला वाटलं, बाकीचे काही बोलतील. एकजण म्हणाला की इतक्या मुश्किलीने वजनदार अध्यक्ष मिळालाय, आता तुम्ही बहिणीचं काय काढता? मी त्यांना माझ्या छापखान्यातून उठायला सांगितलं. ते उठले आणि दुसरीकडे जाऊन बैठक पुरी केली. शाखा आता तिकडेच भरते, असं ऐकतो.

नलू, माझं मत बदललेलं नाही, तेच मोठं दुखणं आहे. ते खरं आहे असं मला आजही वाटतं, पण ते घेऊन जाऊ कुठे? एका बाजूचे म्हणतात, सरकार आपल्या हातात द्या, मग बघा. दुसऱ्या बाजूचे सरकार नको म्हणतात आणि सरकारी खोलीत बसून म्हणतात. तुझ्यासारख्या बाईच्या बाजूला कोणीच नाही. मी हरलो गं. संक्रांत गेली, शरदने काय कळवलं ते विचारायचीही हिंमत होत नाही.

लोभाला मी पात्र राहिलो असेन, तर तो राहू दे.

अच्युतदादा

दादर,
ता. १२ जून १९६०

ती. दादास नलूचा सा. न. वि. वि.

तू तोंड दाखवायचं टाळतोस, म्हणून लिहिते. मी रागावलेली नाही. रागवायचं कोणावर?

शरदने बडोद्याची जागा घेतली, हे तुला कळलंच असेल. मार्चमध्ये साहेबांचं सिमेंट आलं आणि ते खारला गेले. आता खोल्या सुटणार म्हणून वेड्यासारखी मी जिना धुऊन काढला. सरकारी शिपाई येऊन कुलूप लावून गेला. मग राज्य झालं. शिवाजी पार्कावर केवढा लोटला होता समुद्र माणसांचा, मीही गेले होते. घरी येऊन पणत्या लावल्या, आणि दुसऱ्याच दिवशी अर्ज केला, मराठीत, म्हटल्याप्रमाणे. उत्तर लवकर आलं, तेही शुद्ध मराठीत. सार्वजनिक कामासाठी खोल्यांची आवश्यकता आहे, सबब विनंती मान्य करता येत नाही. वाचणाऱ्याने मराठीत वाचलं, दादा. बाकी काही बदललं नाही. तू सांगत होतास तेच खरं निघालं, आणि तू बरोबर ठरलास याचं मला सुख नाही.

त्याच आठवड्यात कमलला मुलगा झाला. बडोदं आता दुसऱ्या राज्यात आहे. ज्या राज्यासाठी मनगट मोडून घेतलं, त्याच्या बाहेर माझा नातू जन्मला. मी अजून त्याला पाहिलेला नाही. गुडघे प्रवास करू देत नाहीत आणि पाच वर्षं शरद हलू शकत नाही.

पुढच्या खोल्यांत नवे अधिकारी आलेत. तरुण आहेत, नागपूरकडचे. आल्या दिवशी पेढे देऊन गेले. बायको अठरा-एकोणीस वर्षांची, तान्हं मूल घेऊन आलीय. काल ती माझ्या दाराशी आली, चपला बाहेर काढून उभी राहिली. मी या म्हटल्यावरच आत आली. खोलीत कडी आहे पण पाळणा नाही, तुमच्याकडे असेल तर द्याल का, असं अगदी हळू विचारलं. मी माळ्यावरून शरदचा पाळणा काढून दिला. त्या पोराचा काय दोष?

आज सकाळपासून भिंतीपलीकडे आपली कडी करकरतेय. मी इकडे बसून ऐकतेय. तिने विचारून नेला, दादा. इतक्या वर्षांत या घरातून विचारून नेलेली ती पहिलीच वस्तू.

रविवारी जेवायला ये. डबा आणायला विसरू नकोस, आणि मला तरी परकी करू नकोस.

तुझी,
नलू