'आणि' सोडून 'व'

प्रिय लेखकराव,

मासिकाचा अंक गेल्या आठवड्यात आला. माझी खोड तुला माहीत आहे: आधी तुझ्या मालिकेचं प्रकरण, मग बाकीची रद्दी. माझ्या कादंबरीची प्रुफं टेबलावर तुंबली होती, ती तशीच राहिली. एरवी तुझं चांगलं वाचलं की माझा जळफळाट होतो आणि दोन दिवस मी घरच्यांवर डाफरते. या वेळी कुणावरही डाफरले नाही; प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

प्रुफं तपासणाऱ्याशी तू 'व'वरून केवढा भांडला होतास! 'व' अर्जात शोभतो, माणसं जोडायला 'आणि'च लागतं, असं तू त्याला खडसावलंस. बिचारा राजीनाम्याची भाषा करू लागला. इतकी वर्षं मासिकांतून तुझ्या कथा वाचत आले, चांगल्या वाचल्या तशा भिकारही वाचल्या, पण त्यांत औषधालाही 'व' सापडायचा नाही. आता या मालिकेत पानोपानी 'व' आहे. म्हातारा उठतो व खिडकीपाशी जातो. एका ठिकाणी तर तो 'सदर गृहस्थ' झालाय. आधी मी खो खो हसले. मग हसू आटलं.

वहिनी, हे पत्र तुम्हीच त्याला वाचून दाखवत असणार. इथून पुढचं मनात वाचा. जन्मभर कचेरीत मसुदे लिहिलेला तुमचा हात लपत नाही हो. मागे मी आले तेव्हा त्याने मला नर्सबाई म्हटलं, आणि तुम्ही शेजारी बसलेल्या असताना बायको कधी येणार म्हणून विचारलं. तुम्ही हसून म्हणालात, आज जरा दमलाय. मीही मान डोलावली. आणि अंकात तो सगळं विसरलेला म्हातारा डोळे उघडतो व बायकोला तिच्या लाडक्या नावाने हाक मारतो. आमच्या या खडूस माणसाने उभ्या आयुष्यात एकाही पात्राला बरं केलेलं नाही. ते प्रकरण तुमचं आहे वहिनी, आणि फार सुरेख आहे. वाचताना मी रडले.

पण पत्र कौतुकासाठी लिहीत नाहीये. संपादकांचा फोन आला होता. त्या प्रकरणावर वाचकांची पत्रं लोटली आहेत म्हणे. रविवारी ते हार आणि फोटोवाला घेऊन, न कळवता तुमच्या घरी येणार आहेत, आणि मीही यावं असा आग्रह आहे. त्याची तब्येत बरी नाही, असं मी परोपरीने सांगितलं. तर म्हणतात, असं लिहिणाऱ्याची तब्येत ठणठणीतच असणार. आता खरं सांगितलं तर मालिका बंद, आणि नाही सांगितलं तर ते दारात. मला काही सुचत नाही वहिनी. तुमच्यासमोर ते त्याला विचारणार आहेत, ती हाक कुठून सुचली म्हणून. आणि ते नाव काय, हेसुद्धा त्याला सांगता येणार नाही.

तुमचीच,
कादंबरीबाई