न सापडणारी फाइल

भंडारा, गुरुवार, डिसेंबर १९८८

आज तो टेपवर फुकट मिळालेला, मजकूर लिहायचा एडिटर प्रोग्राम आमच्या युनिक्स कॉम्प्युटरवर चालला एकदाचा! टेप उद्या नागपूरला परत द्यायची, म्हणून जीव टांगणीला लागलेला. कंपाइल करायला, म्हणजे मशीनला चालवता येईल असा प्रोग्राम बनवायला घेतलं की एकच रड: एक फाइल सापडत नाही. सकाळपासून तीच फाइल! शेवटी माझ्यासोबत काम करणारी आंधळगावची कुंदा म्हणाली, "कायले शोधून राहिली व? आपल्या मशीनले ते फाइल लागते तरी का?"

खरंच की! सेटिंगमध्ये मी युनिक्सचा प्रकारच चुकीचा लिहिला होता, म्हणून दुसऱ्याच प्रकारच्या मशीनची फाइल मागितली जात होती. एक ओळ बदलली आणि सगळं सुरळीत कंपाइल झालं. कुंदानं मला मिठीच मारली. मग एडिटरमध्ये पहिलं अक्षर कोणी टाइप करायचं यावरून भांडलो. शेवटी एकाच बटणावर दोघींनी बोट ठेवलं.